बर्फावरून थेट प्लास्टरमध्ये

माझी चप्पल रस्त्यात राहिली आणि मला कळलंसुद्धा नाही.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरापासून वडिलांच्या दुकानापर्यंत एक सरळ बोळ जातो. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. यंत्रमागांना लागणारे धोटे, कांड्या, वाद्या असलं सामान ते विकतात. त्यांचा जेवणाचा डबा घेऊन मी निघाले होते. एप्रिलचं ऊन, डांबर मऊ झालेलं. मागून पानवाला ओरडला, "ओ ताई, चप्पल पडली की तुमची!"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती पार मागे, बोळाच्या मधोमध पडली होती. माझा उघडा पाय त्या तापलेल्या डांबरावर टेकलेला होता आणि मला चटका बसत नव्हता.

पानवाल्यानं चप्पल आणून पायाशी ठेवली. मी पाय आत घातला. चप्पल पायात गेली की नाही हे मला वाकून बघावं लागलं.

तेच पाय

दोन महिन्यांपूर्वी हेच पाय गुलमर्गच्या वरच्या धारेवर, माझ्या उंचीपेक्षा लांब स्कीवर उभे होते.

सोलापूरची मुलगी तिकडं कशी गेली, असं सगळेच विचारतात. कॉलेजात एनसीसीत होते. तिथून गिर्यारोहणाच्या शिबिराला निवड झाली. त्या शिबिरात एका सकाळी समोरच्या डोंगरावरून तीन जवान स्कीवर खाली आले. मागे बर्फाचा धुरळा उडत होता आणि त्यांच्या रेघा एकमेकींत गुंफत खाली येत होत्या. मी हातातला चहा प्यायची विसरले. पुढच्या हिवाळ्यात मी काश्मीरला गेले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही गेले. घरी सांगितलं होतं, सरकारी शिक्षण आहे, नोकरी लागेल. अप्पांना ते पटलं नव्हतं. अव्वाला, म्हणजे आईला, तर मी नक्की काय करते तेच कळलं नव्हतं. "बर्फावर घसरायला एवढ्या लांब कशाला जायचं?" एवढंच ती म्हणायची.

आमचे शिक्षक ठाकूरसर मनालीकडचे. फार बोलायचे नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा म्हणाले, "लड़की, ताक़त सब में आ जाती है. तेरे में संतुलन है. वो सिखाया नहीं जाता." पुढच्या मोसमात मला मदतनीस शिक्षिका म्हणून घ्यायचं ठरलं. त्यानंतरच्या वसंतात मुलींची एक तुकडी उंच शिखरावर चढून स्कीवर खाली उतरणार होती, त्यात माझं नाव होतं. आपल्याकडं तोवर बायकांनी असं काही केल्याचं आमच्या ऐकण्यात नव्हतं. मोठ्या डोंगरांवर स्की करणं, हेच माझं पोटापाण्याचं काम होणार होतं. तेवीस वर्षांची होते मी.

पाठ त्याच हिवाळ्यात दुखायला लागली. डावीकडं वळताना एक पाय मागं रेंगाळायचा. आम्ही सगळेच रोज पडायचो आणि सगळ्यांच्याच पाठी दुखायच्या. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, तर वाटायचं, शेकोटीचीच ऊब असेल.

निदानाचा दिवस

हाडांचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. बरोबर अप्पा होते.

"पडला होतात का कधी?" त्यांनी विचारलं.

"रोज पडते," मी म्हणाले.

"रोज?"

"मी स्कीइंग करते."

डॉक्टरांनी अप्पांकडं बघितलं. पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं विचारल्यासारखं. अप्पा म्हणाले, "खरं हाय साहेब. काश्मिरात बर्फावर घसरती ती. शिकवायची नोकरी मिळालीया."

"सोलापुरातनं?" डॉक्टर पुटपुटले. मग त्यांनी मला जवळ बोलावून पेन्सिलीनं दाखवलं. "हे मणके बघा. प्रत्येकाला स्वच्छ कड आहे. आता हे दोन बघा."

त्या दोघांना कडच नव्हती. पाण्यात भिजलेल्या खडूसारखे ते कुरतडलेले आणि एकमेकांत दबलेले दिसत होते.

"कशानं झालं?"

"टीबी."

अप्पा पटकन म्हणाले, "न्हाय न्हाय. हिला खोकला न्हाय. आमच्या घरात कुणालाच न्हाय. दुसऱ्या कुणाचा तरी फोटू असंल हा."

"हाडाचा टीबी आहे हा. खोकला यावा लागत नाही." डॉक्टर माझ्याकडं वळले. "शेवटचं मोठं पडणं कधी झालं?"

मी सांगितलं. फेब्रुवारीत वरच्या उतारावर स्की अडकली होती आणि मी कोलांट्या खात खाली आले होते. सगळे हसले होते, मीसुद्धा. नंतर तोंडातला बर्फ थुंकून परत वर चढले होते.

डॉक्टरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "या मणक्यांवर?"

बाहेर एक बाई केसपेपरच्या खिडकीशी भांडत होती. तिचा शब्द न् शब्द मला आजही आठवतो. डॉक्टरांचं त्यापुढचं बोलणं मात्र पुसून गेलंय. एवढं आठवतं की मी विचारलं, "पण हिवाळ्यापर्यंत बरी होईन ना? डिसेंबरात हजर व्हायचंय."

ते म्हणाले, "तुम्ही आता इथून चालत बाहेर जायचं नाही."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. पण त्यांनी खरोखरच स्ट्रेचर मागवलं. मी चालत आले होते, चपला घालून, केसात अबोलीचा गजरा माळून. मला आडवी करून नेलं. वरचं छत सरकत होतं आणि शेजारून अप्पा माझ्या चपला हातात धरून चालत होते. आपण काय धरलंय याचंही त्यांना भान नव्हतं.

पाय गेले

दवाखान्यात दाखल झाल्यावर मी बरी व्हायला लागेन, असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. आठवडाभरात एका सकाळी सिस्टरनं पायाच्या बोटाला टाचणी टोचली आणि विचारलं, "कुठं टोचतेय?"

"टोचा की," मी म्हणाले.

तिचा चेहरा बदललेला मी बघितला. तिनं आधीच टोचलं होतं.

मी पायांना हुकूम सोडला. हला. उचला. गुडघा मोडा. माझ्याच पांघरुणाखाली कुणीतरी परकं झोपलं असावं, तसे ते पडून राहिले. मी रडले नाही. रडायला आधी पटावं लागतं आणि मला पटतच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, मणक्याच्या आत सूज आहे, ती मज्जारज्जूवर दाबतेय. औषध आणि विश्रांतीनं उतरेल बहुतेक. त्या 'बहुतेक'वर मी कितीतरी दिवस काढले. ऐकताना चांगला वाटायचा तो शब्द. संध्याकाळी परत आठवला की वाईट वाटायचा.

काखेपासून कमरेखालपर्यंत प्लास्टर घातलं. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. घाम आत शिरायचा आणि तिथंच मुरायचा. खाज कुठं सुटलीय ते कळायचं, पण बोट तिथपर्यंत पोचायचं नाही. सकाळी स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन. मग गोळ्या आणि कडूजहर पावडरीच्या पुड्या, ज्यांनी पोट ढवळून निघायचं. दिवसातून ठरावीक वेळा चार जणं येऊन मला ओंडक्यासारखी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर करायची. भांडं द्यायला अव्वा. तेवीस वर्षांच्या मुलीला आईनं पुन्हा धुवायचं, पुसायचं. पहिल्या दिवशी मी तोंड भिंतीकडं फिरवलं. अव्वा कानडीत म्हणाली, "याकव्वा, का गं? लाज कशाची? मीच केलंय की तुला." आणि तिनं काम उरकून टाकलं.

भाकरी दुधात कुस्करून ती मला झोपल्या झोपल्या भरवायची. आडवं पडून गिळायलाही शिकावं लागतं.

नरसम्मा

शेजारच्या खाटेवर नरसम्मा होती. घरी बसून विड्या वळणारी, पद्मशाली समाजातली, चाळिशी उलटलेली बाई. नळावर घसरून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. तिच्या पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाशी वजन लटकवलं होतं. हातांना सवय इतकी की बोलतानासुद्धा तिची बोटं हवेत विडी वळत असायची.

"तू कशी पडली?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

मी पडले नव्हते हे सांगण्यापेक्षा पडण्याचं सांगणं सोपं होतं. मी तिला गुलमर्ग सांगितलं.

"बर्फ मंजे? गोळेवाल्याकडं असतंय ते?"

"तसलंच. पण घराएवढं साठलेलं. सगळ्या डोंगरावर."

"सगळ्या डोंगरावर?" तिची बोटं थांबली. "कोण टाकतंय?"

"आभाळातनं पडतं."

"अय्यो!" तिनं वर छताकडं बघितलं. "आणि तू त्याच्यावर जाऊन घसरायची? मी एक डाव घसरले तर हे झालं बघ. तू पगार घेऊन घसरायला निघाली व्हतीस?"

दवाखान्यात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले. प्लास्टरात हसलं की बरगड्यांना लागतं.

कुंकू लावायला तिच्याकडं एक छोटा आरसा होता. मला छत आणि भिंतीशिवाय काही दिसत नाही, हे लक्षात आल्यावर ती हात लांब करून तो आरसा धरायची. त्यात मला खिडकी दिसायची, बाहेरचं कडुनिंबाचं झाड दिसायचं, तारेवरचे कावळे दिसायचे. हात दुखला की ती म्हणायची, "आता जरा वेळ सिनेमा बंद."

घरातली भेग

टीबी हा शब्द बोळात पोचायला वेळ लागला नाही. अप्पांनी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं होतं, याची लागण होत नाही. बोळानं डॉक्टरांना विचारलं नव्हतं. भेटायला येणारी माणसं वॉर्डाच्या दारातूनच हात हलवून जायला लागली.

माझा थोरला भाऊ शिवादादा, त्याची बायको आणि त्यांचं सहा महिन्यांचं बाळ आमच्यातच राहायचं. एके दिवशी वैरागहून वहिनीचे वडील आले आणि लेकीला अन् नातीला घेऊन गेले. दादानं अडवलं नाही. ही बातमी अव्वानं मला सांगितली नाही. दादा आला तेव्हा तिनं वॉर्डातच त्याला धरलं.

"बायकोला जाऊ दिलंस? तुझी भण काय म्हारोगी झालीया?"

"अव्वा, ल्हान पोर हाय. काय झालं म्हंजे?"

"मग तू तरी कशाला आलास? जा की वैरागला!"

तो खरंच गेला. मी दोघांच्या मधोमध पडून होते, कुशीवरही वळता येत नव्हतं. माझ्या आजारानं घर दुभंगतंय आणि मला उठून दार लावून घेता येत नाही, हे मला पाय जाण्यापेक्षा जास्त लागलं. वहिनीचा राग आला का? आला. पण त्या बाळाला मी शेवटची घेतली होती तेव्हा माझ्या अंगात ताप होता. ते आठवलं की राग पुरा होत नसे.

दादा तीन-चार आठवडे फिरकला नाही. मग एका भर दुपारी तो वॉर्डात आला तो गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी खांद्यावर घेऊन. शर्ट भिजलेला, भुसा चिकटलेला. त्यानं घमेलं ओढलं, लादी त्यात ठेवली, आणि सिस्टरला विनवून टेबलफॅन त्याच्यामागं लावला.

"घे," तो म्हणाला. "तुझा बर्फ."

गार वारा आला. नरसम्मानं हात पुढं केला. दादानं तिला एक खडा फोडून दिला. तिनं तो गालाला लावला आणि म्हणाली, "असला डोंगर?"

"असलाच," मी म्हणाले. मग मात्र मी रडले. दादा पाठ करून पंख्याची दिशा नीट करत राहिला.

वहिनी पुढं श्रावणात परत आली. दवाखान्यात येऊन तिनं एक अक्षर न बोलता बाळ माझ्या खाटेवर, प्लास्टरला टेकवून ठेवलं. बाळ प्लास्टरवर थापट्या मारायला लागलं. माफी कुणी मागितली नाही. लागली नाही.

बोट

नरसम्मा आरसा फिरवत होती. खिडकीकडून खाली येता येता तो माझ्या पायांवरून गेला आणि थबकला.

"अगं अम्मा! बोट हललं!"

"चादर ओढली असशील."

"चादर कुटं हाय? उघडा हाय पाय. हललं. हे मोटं बोट."

सिस्टर आली. अव्वा भाकरीचा डबा उघडत होती, ती तशीच राहिली. सिस्टर म्हणाली, "हलवा बघू."

एवढे दिवस मी त्या बोटाला किती विनवलं होतं. आता मला भीती वाटली. नाही हललं तर? मी डोळे मिटले आणि हुकूम सोडला. मला काहीच जाणवलं नाही. डोळे उघडले तेव्हा सिस्टर तोंडावर हात ठेवून उभी होती. नरसम्मानं आरसा माझ्यासमोर धरला. "परत कर."

मी आरशात बघत पुन्हा केलं. अंगठा हलला. पोटातून बाळ लाथ मारतं ना, तेवढाच. अव्वा जमिनीवर बसली. भाकरी हातात होती, ती तिनं स्वतःच खायला सुरुवात केली, कोरडी. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

उभी राहिले तेव्हा

दिवाळीनंतर मला घरी सोडलं. प्लास्टर गेलं, कंबरेला पट्टा आला. पायांत जीव होता. डॉक्टर खूष होते. अप्पांनी आणि दादानं दोन्ही बाजूंनी धरून मला उभं केलं.

खोली फिरली. नुसती चक्कर म्हणत नाही मी. देव्हारा, खिडकी, अव्वाचा चेहरा, सगळं वरखाली हिंदकळत होतं, जसं कुणी बादलीतल्या पाण्यातून दाखवतंय. एवढे महिने झोपून होते, अशक्तपणा असेल, असं सगळे म्हणाले. मी खायला लागले, चालायला लागले, तरी हिंदकळणं थांबलं नाही. एका तिन्हीसांजेला वीज गेली. मी खोलीच्या मधोमध उभी होते. अंधार झाला आणि उभी धरलेली काठी सोडून द्यावी तशी मी पडले. हातसुद्धा पुढं आला नाही.

डॉक्टरांनी मला पाय जुळवून उभं केलं. "डोळे मिटा."

मिटले. पुढचं आठवतं ते अप्पांच्या कवेतलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कानात कधी घुईघुई व्हायची का? डोकं हलवलं की खाट हलल्यासारखी?"

"व्हायची. मला वाटलं तापानं होतंय."

"इंजेक्शनांनी झालंय," ते म्हणाले. त्यांनी आडवळण घेतलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. "कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते. स्ट्रेप्टोमायसीन काही जणांची ती जागा मारतं. ऐकणं वाचलंय तुमचं, तोल गेला. हे औषध दिलं नसतं तर पाय गेले असते, कदाचित तुम्हीसुद्धा."

"परत येईल?"

"नाही. डोळे हळूहळू ते काम शिकतील. उजेडात तुम्ही चालाल, कुणाला कळणारही नाही. अंधारात सांभाळावं लागेल."

अप्पांनी विचारलं, "आन् बर्फावर, साहेब?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. टीबी ऐकताना जेवढी बधिर झाले नव्हते तेवढी त्या दिवशी झाले. पाय परत आले होते. ज्याच्यासाठी ते हवे होते, ते गेलं होतं, तेही बरं करणाऱ्या औषधानंच.

जे आत्ता खाटेवर आहेत त्यांच्यासाठी

औषध सोडू नका. मी हे सगळं भोगून सांगतेय, तरी सांगतेय, सोडू नका. पण कानात आवाज आला, भिंत हलली, डोकं वळवल्यावर नजर मागं राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. त्रास किरकोळ आहे, म्हणून गप्प बसू नका. काय सांगायला हवं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवतेय.

आणि भेटायला येणारी माणसं दारातून परत गेली तर ती मनात मोजत बसू नका. आत आलेली मोजा.

अप्पा बर्फात

ठाकूरसरांना मी सगळं कळवलं. मुलींची तुकडी माझ्याविना जाऊनही आली होती. पण सरांचा निरोप आला, एकदा ये, उभी राहून बघ, मग ठरवू. त्यानंतरच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मणका जुळलाय म्हणून परवानगी दिली, तीही हजार अटी घालून. अव्वा नको म्हणाली. अप्पा म्हणाले, "मी जातो संगं. एकदा बघू तरी दे मला, पोरगी कुटं जात व्हती."

दौंडला गाडी बदलली, दिल्लीला बदलली, जम्मूला उतरलो, मग बस. अप्पांच्या अंगात दोन स्वेटर, वर घोंगडी, डोक्याला माकडटोपी. गुलमर्गला बसमधून उतरले आणि उभेच राहिले. त्यांनी वाकून बर्फ उचलला, हातात दाबला, टाकून दिला. मग मान वर करून वरच्या धारेकडं बघितलं.

"तू कुटनं खाली येत व्हतीस?"

मी हात केला.

"हितनं?"

"अजून वरनं. ते टोक दिसतं ना, तिथनं."

हळूहळू अप्पांच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. एवढी वर्षं ते 'घसरती' म्हणत होते, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेतली घसरगुंडी होती. "मोडक्या मणक्यावर," ते स्वतःशीच म्हणाले आणि तिथंच बर्फात खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. सरांनी मला खालच्या उतारावर उभं केलं. मी देवदारांवर नजर रोवली आणि स्की सोडल्या. उजवं वळण, डावं वळण. पाय मागं रेंगाळला नाही. मी खाली पोचले आणि माझा माझ्यावर विश्वास बसेना. परत गेले, जरा वरून आले. मग अजून वरून. वाटलं, डॉक्टर चुकले. अप्पा खाली एका फळीच्या खोपट्याशी उभे राहून बघत होते. सर त्यांच्याजवळून निघून दुसऱ्या मुलींकडं वळले.

मग ढग आला. डोंगरावर तो असाच येतो, खालून, न सांगता. देवदार गेले. उतार गेला. आभाळ आणि बर्फ एक झाले. पांढऱ्याशिवाय काही उरलं नाही. मला वाटलं, मी थांबलेय, आणि त्याच क्षणी पडले. उठले, पडले. वर कुठं आणि खाली कुठं, हेच अंगाला कळेना. मी उभी आहे असं वाटत होतं आणि गाल बर्फाला टेकलेला होता. सोलापुरातल्या अंधारात निदान फरशी सपाट होती. भीती वाटायच्या आधी मला फक्त आश्चर्य वाटलं की एवढ्या ओळखीच्या जागी मी इतकी पूर्ण हरवू शकते.

मी बसले आणि काठी बर्फात रोवून धरली. तेवढ्यात ऐकू आलं.

"नंदा! ए नंदा! इल्लि बा!"

अप्पा कानडीत मला बोलावत होते, इकडं ये. आमच्या घरात घाई झाली की कानडी येते. मी आवाजाकडं तोंड केलं. स्की आडव्या धरल्या आणि बसल्या बसल्याच, काठीनं अडवत, फूट फूट त्या आवाजाकडं घसरायला लागले. आवाज बंद झाला की थांबायचे. परत आला की सरकायचे. तो मोठा होत गेला. घोंगडीचा काळा डाग दिसला. अप्पा माझ्याकडं पाठ करून, भलत्याच दिशेला तोंड करून ओरडत होते. मी त्यांचा पाय धरला. ते दचकून उडालेच.

"कुटनं आलीस?"

"तुमच्या आवाजावर आले अप्पा. बरं झालं तुम्ही हाका मारल्या."

त्यांच्या दाढीच्या खुंटांवर बर्फ जमला होता. "तुला वाट दावायला न्हवतो मारत," ते म्हणाले. "मला काय दिसंना गं. खोपटं पन दिसंना. लई घाबरलो. म्हटलं, नंदा यिल आन् मला न्हील."

आम्ही दोघं एका घोंगडीत बसून राहिलो. ढग पातळ झाला तेव्हा ठाकूरसर शिट्टी वाजवत आले. मी त्यांना आधी तेच सांगितलं जे मला वर पांढऱ्यात कळलं होतं. "सर, वरच्या डोंगरांचं माझं संपलं. उंचावर असा ढग आला तर मी मरेन आणि माझ्या दोरीला बांधलेल्या मुलीलाही सोबत नेईन."

सरांनी मान हलवली. खोटं काही बोलले नाहीत. मग खालच्या उताराकडं बघत म्हणाले, "साफ़ मौसम में, यहाँ नीचे, नए लोगों को सिखाएगी?"

मी बोलायच्या आतच शेजारून घोंगडी झटकत, आमच्या सोलापुरी हिंदीत अप्पा म्हणाले, "सिकाती की! क्यूं नै सिकाती?"